जुन्या इंजिनाला थर्मोस्टॅट कितीचा घालावा? ७१, ८२ की ८८?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे. चार सिलेंडर, पेट्रोल, कार्बोरेटर, बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड. पंखा बेल्टवर फिरणारा, इलेक्ट्रिक नाही. सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध असतो, पण लांब चढ चढून वर गर्दीत अडकलं की तो लाल पट्टीला टेकायला बघतो. गाडी अजून उकळलेली नाही, पाणीही फेकलेलं नाही. पण तो काटा बघून माझाच जीव वर-खाली होतो.

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) काढून पाहिला तर त्याच्यावर ८८ (अंश सेल्सिअस) छापलंय. दुकानात ७१ आणि ८२ दोन्ही मिळतायत, बसायला तिन्ही सारखेच. मेकॅनिकचं म्हणणं, "कशाला पाहिजे तो? काढून फेका, गाडी थंडगार राहील." काढून तर टाकायचा नाहीये, पण ७१ चा घालावा असं वाटतंय. उन्हाळा तोंडावर आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

शंकेखोर

बिनधास्त ७१ घाला. माझ्या गाडीत तोच आहे, काटा मध्याच्या वर जात नाही. जुन्या इंजिनाला जितकं थंड ठेवाल तितकं बरं.

जुनं_खोड

थांबा जरा. थर्मोस्टॅट गाडी थंड ठेवण्यासाठी नसतो, ती लवकर तापावी आणि तापलेली राहावी यासाठी असतो. त्याच्यावरचा आकडा म्हणजे तो उघडायला *सुरुवात* कधी करतो ते तापमान. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ ला जेमतेम फट पाडतो आणि पूर्ण उघडतो साधारण ९५ च्या आसपास. म्हणजे छापलेल्या आकड्यात बारा-पंधरा अंश मिळवायचे. ७१ चा ८५ च्या आत पुरता उघडा, ८८ चा १०० च्या पुढेमागे. या पट्ट्यात तो कमी-जास्त उघडत पाण्याचं तापमान सांभाळतो. एकदा का पूर्ण उघडला, की त्याचं काम संपलं. तिथून पुढे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि समोरून येणारी हवा. तेव्हा थर्मोस्टॅट ठरवतो ती खालची हद्द. वरची हद्द त्याच्या हातात नाही.

आता तुमची तक्रार पाहा. चढ चढून झाल्यावर, उभ्या गाडीत काटा चढतो. त्या घडीला आतला ८८ चा थर्मोस्टॅट बहुधा सताड उघडा असणार. त्याच्या जागी ७१ चा घातलात तर तोही सताड उघडाच असेल. फरक काय पडणार?

म्हणून नवीन विकत घ्यायच्या आधी मोजा. काट्यावर विश्वास ठेवू नका, अंशात मोजा. थर्मोस्टॅट हाउसिंगपाशी किती, सपाट रस्त्यावर किती, चढानंतर उभ्या गाडीत किती. आणि रेडिएटरच्या झाकणावर प्रेशर किती छापलंय तेही सांगा.

शंकेखोर

@जुनं_खोड, थिअरी मान्य. पण मग माझ्या गाडीत ७१ घातल्यावर काटा खाली कसा आला?

जुनं_खोड

येणारच. तुमची गाडी हलक्या लोडवर, चांगल्या वेगाने चालत असेल तेव्हा रेडिएटरकडे ताकद शिल्लक असते. तिथे थर्मोस्टॅटच तापमान ठरवतो, म्हणून ८८ काढून ७१ घातला की काटा खाली येतो. म्हणजे रेडिएटर पुरेसा होता तिथेच तुम्ही इंजिन आणखी थंड केलंत. जिथे रेडिएटर अपुरा पडतो तिथे काय होतं ते बघायला हवं.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. चढाच्या पायथ्याशी इंजिन ९० ऐवजी ७५ वर असेल, तर वर पोचेपर्यंत तापायला थोडा जास्त वेळ लागतो. चढ छोटा असेल तर काटा लाल पट्टीपर्यंत जायच्या आत चढ संपतो. पण चढ लांब असला किंवा गर्दी सुटलीच नाही, तर शेवटी दोन्ही थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर येऊन थांबतात.

डिझेलवाली

"जितकं थंड तितकं बरं" हे वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लॉगिन केलं.

थंड चालणारं इंजिन झिजतं. सिलेंडरच्या भिंती थंड असल्या की पेट्रोल नीट वाफ न होता भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळतं. जळताना तयार झालेली पाण्याची वाफ पिस्टन रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये उतरते. ऑइल पुरेसं तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर तिथेच राहते, ऑइल फिल्टर कॅपच्या आत पांढरट-पिवळा लोण्यासारखा थर दिसतो तो तोच. लोक तो बघून हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. पुष्कळदा गाडी नुसती थंड चालत असते किंवा जवळजवळच्याच फेऱ्या मारत असते.

पिस्टन आणि बोअरमधलं अंतर, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, सगळं गरम इंजिन धरून ठरवलेलं असतं. डिझेलमध्ये तर थंड इंजिनाचा त्रास कानाला ऐकू येतो आणि डोळ्यांना दिसतो. खडखड जास्त, पांढरा धूर जास्त. माझ्या जुन्या डिझेलला कंपनीने ८२ दिलाय, मी ८२ च ठेवलाय.

नटबोल्ट

डिझेलवाली ताईंना +१. (ऑइल *फिलर* कॅप म्हणायचंय ना?)

डिझेलवाली

हो हो, फिलर कॅप. मोबाइलवरून लिहिलं की असं होतं.

गल्लीतला_मेकॅनिक

बाकीचं राहू द्या, मेकॅनिकला लगेच मूर्ख ठरवू नका. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की हेड वाकतं, आणि शिव्या आम्ही खातो. गिऱ्हाईक पुन्हा गाडी तापल्याची तक्रार घेऊन येऊ नये म्हणून माणूस तो काढून टाकतो. कारण समजण्यासारखं आहे. तरी मी काढत नाही, कारण काढलेल्या गाड्याही माझ्याकडेच तापून आलेल्या आहेत.

कोपऱ्यातला_वाचक

थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी *जास्त* तापते हे मीही ऐकलंय. पाणी रेडिएटरमधून इतकं जोरात जातं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असं कारण सांगतात. खरं आहे का?

नटबोल्ट

तापते हे खरं असू शकतं, पण कारण चुकीचं. पाणी जोरात गेलं तर एका फेरीत कमी थंड होतं, पण फेऱ्याही तितक्याच जास्त होतात. एकूण उष्णता कमी नाही, थोडी जास्तच बाहेर पडते. खरी कारणं दोन.

पहिलं बायपास. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची रेडिएटरकडचा रस्ता उघडते, आणि ती उघडत असतानाच खालची छोटी तबकडी बायपासचं भोक बंद करत जाते. इंजिन थंड असताना पाणी बायपासमधून आतल्या आत फिरतं. गरम झालं की बायपास बंद, सगळं पाणी रेडिएटरकडे. आता थर्मोस्टॅटच काढून टाकला तर बायपास कायमचा उघडा. पाण्याला सोपा रस्ता मिळतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता परत ब्लॉकमध्ये जातं. काही जुन्या ब्रिटिश इंजिनांत खालच्या तबकडीऐवजी एक पत्र्याची बाही असते, ती वर सरकून बायपास झाकते. काम तेच.

दुसरं प्रेशर. पंप पाणी ढकलतो आणि पुढे थर्मोस्टॅटचं अरुंद तोंड असतं, त्यामुळे ब्लॉक आणि हेडमध्ये थोडा जास्त दाब राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचं धातू भयंकर तापलेलं असतं, तिथे दाब कमी झाला की पाण्याचे वाफेचे बुडबुडे धरतात आणि वाफ धातू थंड करत नाही. म्हणूनच रेसिंगवाले थर्मोस्टॅट काढतात तेव्हा त्या जागी भोक पाडलेली चकती घालतात, मोकळं सोडत नाहीत.

@चौथा_गिअर, म्हणून "बसायला तिन्ही सारखेच" एवढ्यावर जाऊ नका. बाहेरचा व्यास सारखा असेल, पण तुमच्या जुन्याला खाली छोटी तबकडी आहे का? असेल तर नव्यालाही हवी, आणि उंचीही तीच हवी. नसेल तर आकडा कितीही बरोबर असो, गाडी तापणार.

चौथा_गिअर

बाप रे, एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. आत्ताच जाऊन बघितलं. हो, खाली स्प्रिंगवर एक छोटी तबकडी आहे, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाची. दुकानदाराने पाठवलेल्या फोटोत ७१ च्या थर्मोस्टॅटला ती नाही. ८२ च्याला आहे.

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ लिहिलंय. मोजायला काय वापरू? लेझरची बंदूक आहे माझ्याकडे.

वायरिंगवाला

लेझरवाला थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर किंवा पितळेवर सरळ खोटं बोलतो. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो, म्हणून आकडा कमी दिसतो, कधी कधी बराच कमी. हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मारा. त्याहून बरं म्हणजे वायरचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर. प्रोब हाउसिंगला चिकटवून वर कापूस-फोम लावून बांधा आणि वायर आत केबिनमध्ये घ्या. चालत्या गाडीत आकडा दिसेल. बाहेरून मोजल्यामुळे खऱ्या पाण्यापेक्षा तीन-चार अंश कमीच येईल, ते धरून चाला. वायर पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब.

आणि एक प्रश्न. तुमच्या गाडीत काटा लाल पट्टीकडे जातो तेव्हा पेट्रोलचा काटा काय करतो?

चौथा_गिअर

पेट्रोलचा काटा? त्याचा काय संबंध? तसा तो टाकी फुल केली की "फुल"च्या रेषेच्याही पुढे जातो, पण ते गाडी घेतल्यापासून तसंच आहे.

वायरिंगवाला

हेच विचारायचं होतं!

तुमच्या काळच्या बऱ्याच गाड्यांत तापमान आणि पेट्रोल, दोन्ही काटे एकाच छोट्या डबीवर चालतात, व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात तिला. डॅशबोर्डच्या मागे असते. बॅटरीचं व्होल्टेज १२ ते १४ असं नाचतं, ही डबी ते सरासरी १० व्होल्टवर आणून काट्यांना देते. डबीचं अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) सुटलं किंवा आतले पॉइंट चिकटले की काट्यांना सरळ बॅटरीचं व्होल्टेज जातं आणि दोन्ही काटे *एकत्र* जास्त दाखवायला लागतात. एकच काटा जास्त दाखवत असेल तर सेंडर (काट्याला माप पाठवणारा सेन्सर) किंवा त्याची वायर बघा. दोन्ही दाखवत असतील तर डबी.

उलटही होतं. टेंपरेचर सेंडर बसवताना कोणी आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे मारले की त्याला अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा कमी दाखवतो. गाडी तापतेय आणि काटा गप्प. ते जास्त वाईट.

शंकेखोर

हे नवीनच कळलं. माझ्या सेंडरला टेप आहे 😐

जुनं_खोड

😀 शंकेखोर, आता स्वतःच्याच काट्यावर शंका घ्या.

@चौथा_गिअर, झाकण ०.९ बारचं आहे हे चांगलं. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० ला उकळतं. झाकणाने एक बार दाब धरला तर तेच पाणी १२० ला उकळतं, अर्धं पाणी अर्धं कूलंट असेल तर १२९ च्या आसपास. म्हणजे तुमच्या गाडीत १०५ हा आकडा दिसला तरी पाणी उकळायला भरपूर अवकाश आहे, बशर्ते झाकणाचं रबर शाबूत आहे आणि ते खरंच दाब धरतंय. म्हातारं झाकण दाब धरत नाही, आणि मग साधं पाणी असेल तर १०१ ला सगळं बाहेर. तापण्याच्या तक्रारीत झाकण ही सगळ्यात स्वस्त गोष्ट, आणि सगळ्यात शेवटी बदलली जाते.

कोपऱ्यातला_वाचक

थोडं अवांतर. मग हे ७१ वाले थर्मोस्टॅट बनवतातच का? काहीतरी कारण असेल ना.

जुनं_खोड

कारण जुनं आहे. आजचं इथिलीन ग्लायकोलचं कूलंट सर्रास वापरात येण्याआधी थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घालत. मिथेनॉल ६५ ला उकळतं, त्यामुळे इंजिन जास्त तापू दिलं तर अल्कोहोल वाफ होऊन उडून जाई. म्हणून कमी तापमानाचे थर्मोस्टॅट. फॅरनहाइटमध्ये १६० म्हणजेच ७१. त्यात रेडिएटरला दाबाचं झाकण नसे, तेव्हा १०० ही भिंत होती आणि तिच्यापासून लांब राहणं भागच होतं. दाबाची झाकणं आली, ग्लायकोल आलं, तसे १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ आणि १९५ म्हणजे ९१ हे आकडे रुळले. प्रदूषणाचे नियम आल्यावर आकडे आणखी वर सरकले, कारण थंड भिंतीजवळचं पेट्रोल अर्धवट जळतं.

थर्मोस्टॅटची रचनाही बदलली. आधी आत नालीदार पितळी फुगा असायचा, त्यात पटकन वाफ होणारा द्रव. फुगा फुटला की तो बहुधा उघडा राहायचा, ही त्याची चांगली बाजू. पण रेडिएटरमधला दाब वाढला तसा त्या दाबानेच फुगा दबायला लागला आणि वेळेवर उघडेना. मग मेणाचा आला. पितळेच्या कपात मेण भरलेलं, ठरावीक तापमानाला ते वितळतं, फुगतं, आणि रबरी बाहीतून एक बारीक दांडा बाहेर ढकलतं. दाबाचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम नाही. मेणाचं मिश्रण बदललं की आकडा बदलतो. तुमचा ८८ आणि दुकानातला ८२ यांत फरक तेवढाच.

हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटललाही थर्मोस्टॅट असतो बरं का. पाणीच नाही, पण इंजिनाखाली तोच पितळी फुगा, ६५ ते ७० अंशांना ताणला जातो आणि हवेच्या झडपा उघडतो. तिथेही लोक तो काढून फेकतात!

रात्रपाळी

परफॉर्मन्ससाठी ७१ घालणारेही आहेत, ते अगदीच वेडे नाहीत. हेड थंड राहिलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठकठक) लवकर होत नाही, टायमिंग जरा पुढे घेता येतं, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडता येते. पण ती रेसची गणितं, रोज ऑफिसला जायच्या गाडीची नाहीत.

चौथा_गिअर

मंडळी, मोजलं. प्रोब हाउसिंगला बांधून गाडी नेहमीच्या रस्त्यावर नेली.

सपाट रस्ता, एका वेगात: ८९ ते ९१. चढाच्या वरच्या टोकाला: ९८. तिथे इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली तर आकडा हळूहळू चढत १०४ झाला आणि तरी थांबेना, तेव्हा मी निघालो. चालायला लागल्यावर बघता बघता परत ९५ च्या खाली.

काटा १०४ ला लाल पट्टीत घुसलेला होता. व्होल्टेजची डबी बघितली, तिचा अर्थिंगचा स्क्रू नुसता अडकवलेला होता. गंज घासून घट्ट केला. पेट्रोलचा काटा आता "फुल"वरच थांबतो.

थर्मोस्टॅट घरी पातेल्यात टाकून बघायचा विचार आहे. काही युक्ती?

डिझेलवाली

दोरा घ्या. झडप बोटाने थोडी उघडून तिच्या कडेत दोरा पकडू द्या आणि त्या दोऱ्यानेच थर्मोस्टॅट पाण्यात लटकवा. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. थर्मामीटरही तसाच अधांतरी. मंद आचेवर तापवा आणि ढवळत राहा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. तो क्षण, तो आकडा. डोळ्यांनी बारीक फट शोधत बसायला नको.

छापलेल्यापेक्षा दोन अंश इकडे-तिकडे असेल तर ठीक. मग पाणी उकळू द्या आणि झडप किती उचलली ते बघा, आठेक मिलिमीटर तरी हवी. ८८ चा असेल तर उघड्या पातेल्यात १०० ला जेमतेम पूर्ण उघडेल, आणि तुम्ही उंचावर राहत असाल तर पाणी त्याआधीच उकळेल, त्यामुळे उचल थोडी कमी दिसली तर लगेच बाद करू नका. बाहेर काढल्यावर थंड होताना पूर्ण मिटतो का तेही बघा. अर्धवट मिटणारा थर्मोस्टॅट हिवाळ्यात त्रास देतो.

पातेलं स्वयंपाकाचं नको. त्याला कूलंट लागलेलं असतं आणि ते विष आहे.

जुनं_खोड

@चौथा_गिअर, आकडे छान आणलेत. त्यांवरून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

सपाटीला ९०. ८८ चा थर्मोस्टॅट अजून नीट उघडलेलाही नाही, म्हणजे रेडिएटरकडे भरपूर ताकद शिल्लक आहे. इथे तापमान थर्मोस्टॅट ठरवतोय. ८२ घालाल तर हा आकडा ८४-८५ वर येईल.

उभ्या गाडीत १०४ आणि वर. इथे थर्मोस्टॅट पूर्ण उघडा आहे, तरी आकडा चढतोय, आणि गाडी चालली की उतरतोय. म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटरही बरा आहे, कमी पडतेय ती हवा. उभ्या गाडीत हवा फक्त पंखा ओढतो. पंख्याभोवतीचं आवरण, ते गोल प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं श्राउड, जागेवर आहे का? बेल्ट ढिला आहे का? रेडिएटरच्या पुढच्या बाजूला फिनांमध्ये किडे-माती साचलीय का? आयडलिंग खूप कमी ठेवलंय का? इग्निशन टायमिंग मागे असेल (ठिणगी उशिरा पडत असेल) तरी उभ्या गाडीत तापते. आवरणापासून सुरुवात करा.

चौथा_गिअर

श्राउड... नाहीये. चार बोल्टची भोकं आहेत रेडिएटरच्या चौकटीवर, आवरण नाही. मी गाडी घेतली तेव्हापासूनच नाही बहुतेक.

गल्लीतला_मेकॅनिक

कोणीतरी रेडिएटर काढताना काढलं असणार आणि परत लावायचा कंटाळा केला असणार. आवरणाशिवाय पंखा रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो, चारही कोपरे कोरडे. वर पंख्याच्या टोकांकडून गरम हवा पुन्हा पुढे येते. जुनं मिळालं तर उत्तम. नाहीतर पत्र्याचं वाकवून करून घ्या. पंख्याच्या पात्याची साधारण अर्धी जाडी आवरणाच्या आत, अर्धी बाहेर. आणि पातं कुठे घासत नाही ना ते इंजिन हलवून बघा, माउंटिंगं जुनी असली की इंजिन ब्रेक मारताना पुढे येतं.

शंकेखोर

म्हणजे शेवटी थर्मोस्टॅट बदलायचाच नाही?

नटबोल्ट

मॅन्युअल काय म्हणतं ते बघा ना राव. त्या काळच्या कंपन्या एकाच इंजिनाला हवामानाप्रमाणे दोन-तीन आकडे देत. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं घ्या: नेहमीसाठी ८२, उष्ण देशांसाठी ७४, थंड देशांसाठी ८८. म्हणजे कंपनीनेसुद्धा उष्ण हवेसाठी ७४ च्या खाली जायला सांगितलेलं नाही.

चौथा_गिअर

मॅन्युअल सापडलं. नेहमीसाठी ८२, थंड हवामानासाठी ८८. माझ्या आधीच्या मालकाने कुठून तरी ८८ मिळवला दिसतोय. पातेल्यातली चाचणीही झाली, दोरा ८७ ला सुटला. म्हणजे थर्मोस्टॅट अगदी धडधाकट आहे. मग ठेवू की बदलू?

डिझेलवाली

माझं मत: ८८ च ठेवा. धडधाकट आहे, इंजिन गरम आणि कोरडं राहील, ऑइल स्वच्छ राहील. तुमचा त्रास आवरणाचा आहे.

जुनं_खोड

मी ८२ म्हणेन, आणि कारण कार्बोरेटर आहे. उन्हाळ्यात गरम गाडी बंद केली की बॉनेटखालची उष्णता कार्बोरेटरच्या बाउलमध्ये चढते, पेट्रोलची वाफ होते, आणि पुन्हा स्टार्ट करताना गाडी रडते. सगळं सहा अंशांनी खाली सरकलं तर त्याला थोडी मदत होते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तेही जपायला बरं. ८२ ला ऑइलही पुरेसं तापतं, कंपनीने उगाच दिलेला नाही. तरी ताई म्हणतायत ते चूक नाही. ८२ आणि ८८ मधला वाद आवडीचा, ७१ आणि ८२ मधला तसा नाही.

चौथा_गिअर

गरम असताना स्टार्टिंगचा त्रास आहेच! ८२ घेतला, छोट्या तबकडीवाला. जुन्याशेजारी ठेवून उंची मोजली, बरोबर आहे. बसवताना काही सांभाळायचं का? याच्या कडेला एक बारीक भोक आहे आणि त्यात एक सैल पिन खुळखुळतेय. जुन्यात भोकही नव्हतं.

नटबोल्ट

ती पिन हवा जाण्यासाठी. पाणी भरताना अडकलेली हवा त्या भोकातून वर जाते, आणि पंप चालू झाला की पाण्याच्या दाबाने पिन भोक बंद करते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर पिन *सगळ्यात वर* हवी, घड्याळात बारा वाजतात तिथे. स्प्रिंग आणि मेणाचा कप इंजिनाच्या बाजूला, रेडिएटरकडे नाही. उलटा बसवला तर कपाला गरम पाणीच लागत नाही.

दोन्ही तोंडं ब्लेडने खरवडून साफ करा, अ‍ॅल्युमिनियमवर हात हलका ठेवा. हाउसिंग सपाट पट्टीवर ठेवून बघा, जुनी हाउसिंगं कानांकडे वाकलेली असतात. बोल्ट आळीपाळीने आवळा, नाहीतर कान तुटतो. गॅस्केट मेकर बोटभर लावू नका, आतला जास्तीचा माल सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

भरताना हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं, इंजिन आयडलला. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) सुरुवातीला थंड असेल, मग एकदम गरम होईल. त्या वेळी पातळी खाली जाते, तेवढं भरा. होज गरमच होत नसेल आणि काटा चढत असेल तर हवा अडकलीय, इंजिन लगेच बंद करा. हवेच्या पोकळीत थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही.

मध्येच_आलो

धागा छान चाललाय, माझाही एक प्रश्न घुसवतो. माझी गाडीही जुनीच, पण इंजेक्शनवाली, आणि इलेक्ट्रिक पंखा. कोणीतरी ७१ चा घालून दिलाय. हिवाळ्यात पेट्रोल जास्त खाते, केबिनचा हीटर कोमट. कारण तेच का?

वायरिंगवाला

तेच असण्याची शक्यता दाट. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कूलंट सेंसर बघून ठरवतो की इंजिन अजून थंड आहे, मिश्रण श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवायचं. गाडी त्या मर्यादेच्या वर गेलीच नाही तर तो कायम थंड इंजिनाचं पेट्रोल ओततो. ओबीडी-२ (गाडीची स्वतःची बिघाड-तपासणी) असलेल्या बऱ्याच गाड्यांत असा थंड चालण्याचा खास कोडही आहे, पी०१२८. कंपनीचा आकडा असेल तोच घाला, बहुतेक ८८ ते ९२ मधला असेल.

फक्त पंख्याचा स्विच कुठे आहे ते बघा. रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर काळजी नाही, तिथे थंड झालेलं पाणी येतं. पण हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटपाशी असेल, आणि कोणी ७१ सोबत कमी तापमानाचा स्विचही घातला असेल, समजा ८५ ला चालू आणि ८० ला बंद, तर ८८ चा थर्मोस्टॅट बसवल्यावर पंखा बंदच होणार नाही. थर्मोस्टॅट पाणी ८८ च्या खाली जाऊ देणार नाही आणि स्विच ८० ची वाट बघत बसेल. तेव्हा दोन्ही एकत्र बदला.

मध्येच_आलो

स्विच हेडमध्येच आहे, आणि पंखा आत्ताही बराच वेळ चालू असतो. बघतो. धन्यवाद.

चौथा_गिअर

८२ बसवला, आवरण पत्र्याचं करून लावलं. प्रोब अजून तसाच आहे. सपाटीला ८४, चढाच्या वर ९५, तिथेच उभी ठेवली तर ९७ ला जाऊन थांबते, पुढे जात नाही. झाकणही बदललं. पंख्याचा आवाज मात्र पहिल्यापेक्षा वाढलाय, तो आवरणामुळे का?

गल्लीतला_मेकॅनिक

हो, आता पंखा खरंच हवा ओढतोय. घासल्यासारखा आवाज असेल तर सांगा, नुसती घरघर असेल तर राहू द्या.